ऊन बेळगावचं, पत्रक भलत्याच गावचं

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधी निकाल. उन्हानं कापडावर पानांचे निळे छाप काढायच्या, म्हणजे सायनोटाइपच्या, या संचातल्या दोन बाटल्या उत्तम, कापड टाकाऊ, आणि माहितीपत्रक कुणा दुसऱ्याच गावच्या पाण्यासाठी लिहिलेलं. पाचापैकी साडेतीन तारे. त्यातला अर्धा तारा खरं तर माझ्या सासूबाईंच्या ट्रंकेतल्या धोतराचा आहे, कंपनीचा नाही. पण असू दे.

मी बेळगावच्या वडगावात ब्लाऊज शिवते. फॉल-पिको, अस्तर, गळ्याच्या फॅशनी, लग्नसराईत रात्री एकपर्यंत मशीन. सत्तावीस वर्षं झाली. सासरची माणसं मूळची मागावरची. सासऱ्यांचे दोन हातमाग होते, मग पॉवरलूम आले, मग तेही विकले. त्यामुळे घरात कापडावर बोलायला सगळ्यांनाच येतं, आणि सगळे बोलतातच.

पुण्यात नोकरीला असलेल्या पुतणीनं माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला हा संच पाठवला. "काकू, तुला पानंफुलं आवडतात, कापडही आवडतं. दोन्ही एकत्र आलंय बघ," म्हणाली. कापडावर रसायन लावायचं, वाळवायचं, त्यावर पानं ठेवायची, उन्हात धरायचं आणि पाण्यात धुवायचं. पान होतं तिथं पांढरं, बाकी सगळं गडद निळं. मोबाईलवर तिनं नमुने दाखवले तेव्हा मला वाटलं, हे तर एखाद्या भारी बुटिकमधलं काम.

खोक्यात 'अ' आणि 'ब' अशा चिठ्ठ्या लावलेल्या दोन काळ्या बाटल्या होत्या, आत पावडर. चौदा इंची नॅपकिनचे सहा तुकडे, फोमचा ब्रश, ॲक्रिलिकची पातळ काच, चिमटे आणि चार पानी पत्रक. किंमत सोळाशे पन्नास. पत्रक नुसतं इंग्रजीत. शेजारच्या अक्का कानडी, मी मराठी, दोघींनी मिळून ते उलटसुलट बघितलं आणि शेवटी पुतणीलाच फोन लावला.

आधी कापडाचं सांगते, कारण ते माझं क्षेत्र. खोक्यावर 'शंभर टक्के सुती' छापलेलं. हाताला लागताच मला शंका आली. फार गुळगुळीत, आणि चुरगळलं तरी घडी बसत नव्हती. शिवणकामात जुनी रीत आहे: कडेचा एक धागा ओढायचा, चिमट्यात धरायचा आणि काडी लावायची. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो, आणि राख बोटात धरली की भुकटी होते. पॉलिस्टरचा धागा आधी आकसतो, मग वितळतो आणि टोकाला टणक काळा मणी राहतो. नखानं दाबून बघा, फुटत नाही. या धाग्याला राखही आली आणि मणीही आला. म्हणजे मिश्रण. मी सहाही तुकड्यांचे धागे जाळून बघितले, सहाही तसेच.

याचा फरक पडतो तो असा. हे रसायन धाग्यात मुरावं लागतं. सूत पाणी पितं, पॉलिस्टर पीत नाही. वरवर बसलेला रंग धुताना पाण्याबरोबर निघून जातो. त्यात या तुकड्यांना खळ होती, तीही काढा म्हणून पत्रकात एक ओळ नाही. कोरं कापड घेऊन थेट रसायन लावलं तर खळीवर डाग डाग बसतात, आत काही जात नाही. ब्लाऊजचं अस्तर शिवायच्या आधी आम्ही भिजवून घेतो, ते आटू नये म्हणून. इथं भिजवायचं ते रंग आत जावा म्हणून.

पहिला नॅपकिन मी पत्रकात सांगितलं तसाच केला, शब्दाला शब्द धरून. उगाच कंपनीला बोल नको. दोन्ही बाटल्यांत पाणी घालून रात्रभर ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवघराच्या खोलीत ट्यूबलाईट बंद केली, खिडकीला चादर लावली आणि झिरोच्या बल्बच्या उजेडात दोन्ही पाणी सारख्या मापानं एकत्र केलं. रंग पोपटी-पिवळा, कैरीच्या सालीसारखा. ब्रशनं लावलं आणि कपाटात दोरी बांधून वाळत घातलं. त्याचे थेंब कपाटाखालच्या शहाबादी फरशीवर पडले. त्यांचे निळे ठिपके आजही तिथं आहेत, आणि ते मला रोज दाखवले जातात.

सासूबाईंनी तेव्हाच दारातून विचारलं, "हे काय करूलालीस गे अंधारात?" बाटलीवर काय लिहिलंय ते नातवानं वाचून दाखवलं, तेव्हा तर त्या घाबरल्याच. 'ब' बाटलीत पोटॅशियम फेरिसायनाइड असतं. नावात सायनाइड आहे, पण ते लोखंडाशी घट्ट बांधलेलं असतं, त्यामुळे नुसतं हाताळताना नावाइतकं भयंकर नाही. हातमोजे मात्र घालायचे, आणि स्वयंपाकाची भांडी त्यासाठी वापरायची नाहीत. एक गोष्ट पत्रकात ठळक हवी होती, ती तिथं नव्हतीच: हे कधीही कडक ॲसिडजवळ न्यायचं नाही. त्यातून विषारी वायू सुटू शकतो. आपल्या मोरीत संडास धुवायच्या ॲसिडची बाटली कोपऱ्यात असतेच. मी पहिल्याच दिवशी ती उचलून बाहेर जिन्याखाली ठेवली. लहान मुलं असलेल्या घरात हा संच जाणार, आणि एवढी ओळ छापायला जागा नव्हती का?

'अ' बाटलीत फेरिक अमोनियम सायट्रेट असतं. हेही लोखंडाचंच. उन्हातले अतिनील किरण पडले की त्यातल्या लोखंडाचं रूप बदलतं, मग ते 'ब'शी जुळून निळा रंग बनतो, आणि तो पाण्यात विरघळत नाही. पानाखाली ऊन पोचत नाही, तिथलं रसायन तसंच राहतं आणि पाण्यात धुऊन जातं. अक्कांना वाटलं होतं ही नीळ आहे. नीळ झाडापासून होते, ही लोखंडातली निळाई. दोन्हींचे धुण्याचे नियम वेगळे, आणि पुढं माझं नुकसान त्या नियमांनीच केलं.

आमचे मिस्टर एका कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात नकाशे काढायला होते. ते म्हणाले, "अगं, ही तर ब्लू प्रिंट!" त्यांच्या काळी अमोनिया प्रिंट आली होती, पण जुन्या कपाटात निळ्यावर पांढऱ्या रेघांच्या नकाशांच्या गुंडाळ्या पडून असायच्या. बरोबरच आहे. १८४२ साली जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानं ही रीत शोधली आणि पुढं तीच नकाशांच्या प्रती काढायला वापरली गेली. पण पहिली हौस केली ती ॲना ॲटकिन्स नावाच्या बाईनं. १८४३ पासून दहा वर्षं ती समुद्रातल्या शेवाळाचे असे निळे छाप काढून त्यांचे भाग बांधत होती. बाईचं काम मोबाईलवर बघितलं आणि मी माझा पहिला नॅपकिन उलटा करून ठेवला.

तो पहिला नॅपकिन असा झाला: आकाशी, ठिपक्याठिपक्यांचा, कडीपत्त्याच्या जागी एक धुरकट बोटभर पट्टी. दुसऱ्या दिवशी तोही फिका पडला. पत्रक म्हणतं, 'दुसऱ्या दिवशी निळा अधिक गडद होईल.' माझा उलटा गेला.

कापडाचा दोष होताच. म्हणून दुसऱ्यांदा कापड बदललं. इथं धोतर आलं. सासऱ्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांची दोन धोतरं सासूबाईंनी ट्रंकेत ठेवली होती. मी मागितलं नव्हतं, नुसतं म्हणाले होते की शंभरदा धुतलेलं सुती कापड मिळालं तर बरं होईल. त्यांनी काही न बोलता एक धोतर काढून माझ्या कटिंग टेबलवर ठेवलं. काठ कापायचा नाही, एवढीच अट. ते सूत म्हणजे लोणी. खळीचा अंश नाही. थेंब टाकला की लगेच पसरतो. हीच कापडाची खरी परीक्षा: पाण्याचा थेंब मण्यासारखा उभा राहिला तर अजून धुवा, चटकन मुरला तर चालेल.

धोतराच्या तुकड्यावर छाप छान उठला. पाण्यातून काढताना शेवग्याची पानं एकेक मोजता यावीत अशी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच, फिकट, पिवळट झाक. आता कापडाला दोष देता येईना.

मग आठवलं. आमच्या घरात दोन पाणी. एक नळाचं, राकसकोपच्या तलावाचं, ते येतं तेव्हा पिंप भरून ठेवायचं. दुसरं बोअरचं, धुण्याभांड्याला. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, भांड्यांवर पांढरे ओघळ राहतात, साबणाला फेस येत नाही. मी छाप धुतला तो अर्थात बोअरच्या पाण्यानं. 'भरपूर वाहत्या पाण्यात धुवा' असं पत्रकात लिहिलंय, आणि पिण्याचं पाणी असं वाहू द्यायला आमचं घर काही कावेरीकाठी नाही.

म्हणून एक छाप घेतला, मधोमध कात्रीनं दोन केले. एक अर्धा बोअरच्या पाण्यात, एक नळाच्या. दोन्ही सावलीत वाळत घातले. संध्याकाळपर्यंत काही फरक दिसेना. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही तुकडे जोडून ठेवले, तर जोड लांबून दिसत होता. नळाकडचा अर्धा शाईसारखा, बोअरकडचा धुऊन धुऊन विटलेल्या जीन्ससारखा. एकाच पानाचा अर्धा देठ इकडे, अर्धा तिकडे. तो जोडतुकडा मी दुकानात भिंतीला लावून ठेवलाय. गिऱ्हाइकं विचारतात, ही काय नवी फॅशन.

कारण एवढंच की हा निळा रंग अल्कलीला भितो. सोडा, साबण, क्षाराचं जड पाणी, सगळ्यालाच. उपायही सोपा निघाला. बोअरच्या बादलीत अर्धा चमचा लिंबूसत्त्व टाकायचं, किराण्यात मिळतं तेच, किंवा थोडं व्हिनेगर. पहिलं धुणं त्यात. पांढऱ्या भागातला पिवळेपणा जाईपर्यंत पाणी बदलत राहायचं, साधारण दहा मिनिटं. त्यानंतर बोअरच्या पाण्याचे छापही टिकले. मी विक्रेत्याला मेसेज करून सगळं कळवलं. उत्तर आलं, 'कृपया सॉफ्ट वॉटर वापरावे.' कुठून आणू? कापडाबद्दल लिहिलं तर पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट देऊ केली. म्हणजे तेच कापड पुन्हा घ्यायला.

उन्हाचं आता. पत्रकात 'दहा ते वीस मिनिटे' एवढंच. दहा आणि वीसमध्ये दुप्पट फरक असतो. चहा दहा मिनिटं उकळला काय आणि वीस काय, सारखा होतो का? मी ब्लाऊज शिवायच्या आधी कच्चा नमुना काढते तसा इथंही काढला. रसायन लावलेली चार बोटांची पट्टी उन्हात ठेवली, वर पुठ्ठा. दर तीन मिनिटांनी पुठ्ठा थोडा सरकवायचा. शेवटी धुतल्यावर पट्टीवर तीन, सहा, नऊ, बारा, पंधरा मिनिटांच्या निळ्याच्या पायऱ्या मिळतात. मार्चच्या दुपारी साडेबाराला आमच्या स्लॅबवर बारा मिनिटं पुरली. त्याच दिवशी सकाळी आठला पंचवीस लागली आणि पानांच्या कडा एका बाजूला पुसट आल्या, कारण तिरक्या उन्हात पानाची सावली पानाच्या बाहेर पडते. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात, हवा गार असते, पण आपण अडीच हजार फुटांवर आहोत आणि ऊन गार नसतं. मी टोपी न घालता चार दिवस स्लॅबवर उभी होते, नाकाची साल निघाली.

घड्याळापेक्षा रंग बघा. पोपटी कापड आधी हिरवट होतं, मग निळं. इथं सगळे फसतात, निळं दिसलं की काढतात. थांबायचं. निळ्यावर करडी, राखेसारखी झाक आली, जवळजवळ मळकट वाटलं, की मग पाण्यात. धुताना बरंच निघून जातं, म्हणून आधी जास्त लागतं. अक्का बघायला आल्या तेव्हा बादलीत मळकट कापड टाकलं आणि क्षणात ते निळं झालं. त्या ओरडल्याच, "नीली आतु नोड्री!" म्हणजे निळं झालं बघा. मेडिकलमध्ये मिळतं ते हायड्रोजन पेरॉक्साइड चमचाभर शेवटच्या पाण्यात टाकलं तर एका दिवसानं येणारा गडद निळा तिथल्या तिथं येतो. टिकाऊपणा तेवढाच, फक्त वाट बघावी लागत नाही. पाहुण्यांना दाखवायला बरं.

संचातली ॲक्रिलिकची काच इतकी हलकी की वाऱ्यानं पानांसकट उडून पलीकडच्या घराच्या पत्र्यावर गेली. चिमटे पुरेनात. मी जुन्या फोटोफ्रेमची काच घेतली, खाली प्लायवूड, त्यावर इस्त्रीचं कांबळं, चारी बाजूंनी टाचण्या. कांबळ्यामुळे पान आणि कापड एकमेकांना चिकटून बसतात आणि रेघ स्वच्छ येते.

पानांवर मी महिनाभर वेडी झाले होते, हे कबूल. आंब्याचं पान घेऊ नका. जाड आहे, ऊन आत जाऊच देत नाही. नुसती भाल्याच्या टोकासारखी पांढरी आकृती उठते, शीर एक दिसत नाही. फणस, वड, रबर, सगळे तसेच मुके. शेवगा उत्तम, चिंचेची डहाळी उत्तम, गुलमोहराचं पान म्हणजे तयार पैठणीची वेल. दूर्वा बारीक पण डौलदार. कोथिंबीर बघायला गोड, पण उन्हात पाच मिनिटांत पाणी सोडते आणि भोवती डाग पडतो. म्हणून ओली पानं आदल्या दिवशी रद्दीत दाबून ठेवायची, मी जुन्या 'तरुण भारत'च्या गठ्ठ्यावर मशीनचं झाकण ठेवते. लाजाळू ठेवताना मिटली, शिक्षा केल्यासारखी. जास्वंदाच्या पाकळीतून थोडं ऊन झिरपतं, त्यामुळे तिचा छाप पांढरा न येता फिकट निळा येतो, मधल्या शिरांसकट, आणि तो मला सगळ्यात आवडला. गाजरगवताचं पान नक्षीदार असतं, पण अंगाला खाज येते, हातमोज्याशिवाय हात लावू नका. माझ्या मनगटावर आठवडाभर पुरळ होतं आणि डॉक्टरांना कारण सांगताना लाज वाटली.

सगळ्यांत वरचा नंबर नेच्याचा. माझं माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं. तिथं पावसाळ्यात चिऱ्याच्या भिंतीतून, विहिरीच्या कठड्यातून नेचे फुटतात. जंगलातलं काही तोडायचं नाही, तिकडं भीमगड अभयारण्य आहे, आणि गरजही नाही. आमच्या जुन्या विहिरीच्या आतल्या बाजूला एवढे आहेत की भाऊ दरवर्षी कोयतीनं साफ करतो. या वर्षी मी जूनअखेर गेले तेव्हा म्हटलं, साफ करूस नको, मी नेते. वैनी हसली, "आक्का, शहरात गवत मिळेना होय?" पिशवीभर नेचे ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीनं आणले. शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, भाजी का ही?

नेच्याचं पान पातळ, सपाट, आणि एका पानात शंभर पानं. उन्हात वाकत नाही, पाणी सोडत नाही. उलटं ठेवलं तर मागच्या बारीक ठिपक्यांच्या रांगासुद्धा काही ठिकाणी उठतात. त्या धोतराच्या सगळ्यात मोठ्या तुकड्यावर, काठ तसाच ठेवून, मी तीन नेचे मांडले.

पण जूनअखेर म्हणजे ऊन कुठं? आकाश राखाडी, अधूनमधून झड. पत्रकात 'पावसाळ्यात टाळा'. मी टाळलं नाही. ढगातूनही किरण येतात, फक्त वेळ लागतो. पन्नास मिनिटं ठेवलं, दोनदा पाऊस आला म्हणून उचलून आत पळाले, पुन्हा ठेवलं. अडचण वेगळीच आली. 'अ' बाटलीला बुरशी धरली. वर पांढरा तवंग, लोणच्यावर येतो तसा. ओल्या हवेत हे होतं असं पुतणीनं कुठं कुठं वाचून सांगितलं. दुहेरी फडक्यातून गाळलं, चाललं. दोन्ही पाणी वेगवेगळी ठेवली तर महिने टिकतात, एकत्र केलं की त्याच दिवशी संपवायचं.

आणि धुतलं कशानं? पन्हाळीखाली बादली ठेवून, पावसाच्या पाण्यानं. क्षार नाही, काही नाही. लिंबूसत्त्वही लागलं नाही. तीन पांढरे नेचे, त्यांच्या मागं असा निळा की मिस्टर म्हणाले, हा नकाशा कुणाचा? सॉफ्ट वॉटर मिळालं शेवटी. विक्रेत्याला फोटो पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

आता नुकसान. मेमध्ये मी चार नॅपकिन धाकट्या जावेला दिले होते. सांगायला विसरले. तिनं ते वॉशिंग पावडरमध्ये भिजवले, वर सोड्याचा हात मारला, हळदीचा डाग होता म्हणे. निळ्याचे पिवळट-मातकट झाले, पानं जवळजवळ गायब. रडवेली होऊन घेऊन आली. मी म्हटलं, टाकू नकोस. लोखंड धाग्यातच आहे, फक्त रंग गेलाय. लोखंड आणि चहा यांची जुनी ओळख, लोखंडी कढईत चहा केला की काळा होतो ना? चहाची पावडर भरपूर घालून उकळलं, गार केलं, गाळलं, नॅपकिन त्यात तासभर बुडवले. तपकिरी-काळपट होऊन पानं परत आली, जुन्या फोटोसारखी. पांढरा भाग मात्र चहाच्या रंगाचा झाला तो झालाच. जाऊ आता म्हणते निळ्यापेक्षा हेच बरे. आता मी मुद्दाम सोड्यात फिके करून चहात घालते, पण ही कल्पना माझी म्हणून सांगत नाही, ती सोड्याची आहे.

तेव्हापासून कुणालाही तुकडा देताना चिठ्ठी लावते: रिठ्याच्या पाण्यात किंवा सौम्य शाम्पूत धुवा, सोडा नको, ब्लीच नको, कडक उन्हात वाळत घालू नका. उन्हानं छापलेलं ऊन सोसत नाही, हा त्याचा स्वभाव. फिकं पडलंच तर थोडे दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवायचं, बराचसा निळा परत येतो. हे मला खरं वाटलं नव्हतं. खिडकीत लटकवून ठेवलेला एक तुकडा पंधरा दिवस गोदरेजच्या कपाटात ठेवून बघितला, आला परत.

हिशोब. पत्रक म्हणतं बारा नॅपकिन होतील. माझे सात झाले आणि वर एक ब्लाऊजपीस. कापड कागदापेक्षा खूप जास्त पितं, जुनं धोतर तर तहानलेलंच. ब्लाऊजपीससाठी मी बेळगावजवळच्या हुदली गावची खादी आणली. १९३७ साली गांधीजी हुदलीला आले होते ते सगळ्यांना माहीत आहे, पण तिथली खादी घालणारे कमी. दोनदा गरम पाण्यात भिजवून खळ काढली, साबण लावला तर तीन पाण्यांत खळबळून काढला, आणि मग रंग असा बसला की दुकानात आलेल्या पहिल्या बाईनं माप दिलं. मी तिला आधी चिठ्ठी वाचून दाखवली, मग कात्री लावली. काखेत घामानं काय होईल ते बघायचंय, म्हणून शिलाई घेतली, कापडाचे पैसे घेतले नाहीत.

तेवढ्यात कुणी विचारेल, एवढी कटकट कशाला, कापडाचे साधे रंग नाहीत का? आहेत, आणि मी तेही केलं. कापडाचा रंग पाण्यानं पातळ करायचा, ओल्या कापडावर फासायचा, वर पानं ठेवून उन्हात सोडायचं. उघडा भाग आधी वाळतो आणि पानाखालचा ओला रंग बाजूला ओढून घेतो, म्हणून पानाची जागा फिकट राहते. अंधार नको, हातमोजे नकोत, पाहिजे तो रंग. कड मात्र मऊ येते, शिरा नाहीत. नातवंडांबरोबर करायचं असेल तर हेच करा, दीडशे रुपयांत होतं. ओल्या रंगावर जाडं मीठ टाकलं तर चांदण्या उठतात, मुलं खूश.

मला विचाराल तर या कंपनीकडून फक्त पावडरी घ्या, त्या सुट्या मिळतात आणि संचाच्या निम्म्याहून कमी दरात. पावडरींबद्दल माझी तक्रार शून्य, पॅकिंगही व्यवस्थित, पुण्याहून निघालेलं पार्सल वडगावात तिसऱ्या दिवशी पोचलं. कापड घरातलं काढा. ब्रश बरा आहे. काच आणि चिमटे कुणालातरी देऊन टाका.

दुसऱ्या पावडरी मागवल्यात. दसरा जवळ आला, या वेळी सोनं म्हणून आपट्याच्या पानांचे रुमाल वाटायचा विचार आहे, पान जाड निघालं तर नुसती आकृती येईल, पण आपट्याला आकृतीच पुरे. सासूबाईंनी दुसरं धोतर अजून काढलेलं नाही. तीन नेच्यांचा तुकडा त्यांनी मागून घेतला आणि त्यात पोथी गुंडाळून देव्हाऱ्याच्या खणात ठेवली. अंधारातच असतो तो, त्यामुळे घरातल्या सगळ्या छापांत सध्या तोच गडद आहे.